मुळ्यालाच 'मुळा' का म्हणायचं? गाजर, बीट पण मुळंच की

रंकाळा_सई
नमस्कार मंडळी, एक प्रश्न आहे, घरात परवापासनं यावरनं जोरात चर्चा चाललीय म्हणून इथं टाकते. मुलगी सहावीत आहे, तिच्या अभ्यासात अन्न साठवणारी मुळं असा भाग आला त्यात गाजर, मुळा, बीट, रताळं सगळी नावं एका ओळीत होती. तिनं विचारलं आई सगळीच जर मुळं आहेत तर एकट्या मुळ्यालाच मुळा का म्हणायचं, गाजरानं काय केलंय? मी म्हटलं मूळ म्हणून मुळा, तर तेवढ्यावर ती काय ऐकेना, आणि खरं सांगायचं तर तिचा मुद्दा बरोबरच आहे.
सासूबाई म्हणतात नाव मूळव्याधीवरनं पडलंय कारण मूळव्याधीला मुळा चांगला. मिस्टरांचं म्हणणं मुळा आपला नव्हेच, बटाट्यासारखा बाहेरनं आला. आणि कपिलतीर्थ मार्केटात मी ज्या मावशींकडनं भाजी घेते त्या निपाणीकडच्या, त्या मूलंगी म्हणतात, मग तो शब्द कन्नडातनं आपल्याकडं आला का आपल्याकडनं तिकडं गेला? ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी सांगा प्लीज, अंदाज नकोत, पोरीला खरं उत्तर द्यायचंय.
अजून एक, मुळा कधी गोड निघतो कधी घशाला झोंबतो, घेताना कसा ओळखायचा?

जुना_बुधवार_पेठ
मिस्टर बरोबर बोलतायत असं मला वाटतंय. मिरची, बटाटा, टोमॅटो सगळं पोर्तुगीजांनी आणलं, मुळा पण त्यातलाच असणार. हॉटेलात सॅलडमधे तो लाल गोल मुळा देतात तो तर सरळ सरळ फॉरेनचा आहे.

गंगावेश_संस्कृत
सईताई, मुलीला माझ्याकडनं शाबासकी द्या, भाषेचा अभ्यास असल्याच प्रश्नानं सुरू होतो.
संस्कृतात या भाजीला मूलक म्हणतात. मूल म्हणजे मूळ, त्याला पुढं क लागलाय. अशा शब्दांच्या शेवटचा क प्राकृतात गळून जातो आणि मराठीत येईपर्यंत मागं नुसता आ राहतो. घोटकचा घोडा झाला, कीटकचा किडा झाला, आमलकचा आवळा झाला, तसाच मूलकचा मुळा. आणि दोन स्वरांच्या मधे अडकलेला ल मराठीत ळ होतो, फलचं फळ, कालचा काळ. गुजरातीत मूळो, कोकणीत मुळो, हिंदीत ळ नाही म्हणून मूली. म्हणजे मराठी मुळा हा मूलकपासनं सरळ रेषेत आलेला शब्द आहे, कन्नडातनं घ्यायची वेळच आली नाही. मूळव्याधीतला मूळ म्हणजे शरीराचा बुडाचा भाग, त्याचा भाजीशी संबंध नाही, सासूबाईंना सांभाळून सांगा.
बटाट्याबरोबर मुळा आला हे मात्र पटण्यासारखं नाही. पाणिनीच्या सूत्रांवर काशिका नावाची टीका आहे, साधारण सातव्या शतकातली. व्याकरण शिकवताना उदाहरणं रोजच्या जगण्यातली द्यावी लागतात, तर तिथं एका सूत्राला उदाहरण दिलंय 'मूलकोपदंशं भुङ्क्ते', म्हणजे मुळा चावत चावत जेवतो. तोंडी लावणं! आपण भाकरी-पिठल्याबरोबर मुळ्याचा तुकडा कडाकडा खातो अगदी तेच. आणि दुसऱ्या एका सूत्राला उदाहरण आहे मूलकपण, त्याचा अर्थ तिथंच सांगितलाय की विकण्यासाठी मुळ्यासारख्या भाजीची ठरावीक मापाची जी मूठ बांधतात तिला हे नाव. म्हणजे पेंडी की हो! लक्ष्मीपुरीत आज मुळ्याची पेंडी बांधून ठेवलेली असते ती पद्धत त्या काळात एवढी रुळलेली होती की व्याकरणाच्या वर्गात तिचं उदाहरण चालायचं. हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करून ऐकतात. पोर्तुगीज आले ते यानंतर आठशे वर्षांनी.

रंकाळा_सई
@गंगावेश_संस्कृत सर हे भारीच आहे, घोडा आवळा मुळा तर तिनं लगेच वहीत लिहून घेतलं. पण तिचा मेन प्रश्न राहिलाच की, गाजराला का नाही?

गंगावेश_संस्कृत
येतो तिकडंच, जेवायला उठलो होतो.
एखाद्या जातीतली जी वस्तू लोकांच्या हातात सगळ्यात जास्त असते तिला बऱ्याचदा त्या जातीचंच नाव चिकटतं. आपण 'पुडीतला मसाला नको, आपली चटणी घाल' म्हणतो तेव्हा कोल्हापुरात चटणी म्हणजे कुठली ते सांगावं लागत नाही, चटण्या शंभर प्रकारच्या असल्या तरी. तसं खायची मुळं पुष्कळ होती पण नुसतं 'मूळ' म्हटल्यावर डोळ्यापुढं जे यायचं ते हे. बटाटा समुद्रापलीकडनं येताना नाव घेऊनच आला, बीटाचं तर नाव पण इंग्रजीच आहे. तोपर्यंत मूळ हे नाव मुळ्यानं कधीच घेतलं होतं.
आणि हे फक्त आपल्याकडंच झालं असं नाही, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. इंग्रजी रॅडिश हा लॅटिन रॅडिक्सपासनं आलाय, रॅडिक्स म्हणजे मूळ. जर्मन लोक रेटिश म्हणतात, तो पण त्याच रॅडिक्सचा. जपानीत दाइकोन, दाइ म्हणजे मोठं आणि कोन म्हणजे मूळ. रोम, जपान आणि आपण, तिघांनी तीन वेगळ्या शब्दांनी एकच नाव ठेवलं. मुलीला सांगा, गाजराचा काही दोष नाही, मुळ्यानं जगभर पहिला नंबर लावला.

जुना_बुधवार_पेठ
मग तो लाल मुळा?

गंगावेश_संस्कृत
जात तीच, वाण वेगळा. तो लहान लाल गोल वाण युरोपात तयार झालेला आहे, तो आपल्याकडं अलीकडं आला हे तुमचं खरं आहे. लांब पांढरा मुळा मात्र जुना. सावता माळींच्या अभंगात कांद्याच्या जोडीला मुळाच आहे, आणि ते तेराव्या शतकातले.

पंचगंगा_पाटील
लई भारी धागा हाय ह्यो. म्या कागलकडचा, शेती करतोय, नावाचं मला काय कळत न्हाई पण मुळ्याचं कळतंय म्हणून सांगतो.
ताई मुळा तिखट का लागतोय तर त्येला ऊन आणि पाण्याचा ताण. थंडीत वाढलेला, टायमाला पाणी मिळालेला मुळा गोड लागतोय. उन्हाळ्यात रान तापलं, पाण्याची पाळी चुकली की झालाच तिखट, वर आणि दांडा लवकर फुटतोय. आमी ऊसाच्या लागणीत आंतरपीक म्हणून वरंब्यावर मुळा टोकतोय, ऊस मोठा होऊन सावली धरायच्या आत मुळा निघून बाजारात गेलेला असतोय. बी टाकलं की चौथ्या-पाचव्या दिवशी उगवून दिसतंय आणि दीड महिन्यात काढाय येतोय. पुसा चेतकी वाण आसंल तर गरमीत पण चालतंय, चाळीस-पंचेचाळीस दिसात तयार. पुसा हिमानी थंडीचा.
काढायला उशीर केला की संपला इषय. आत भेंड पडतंय, बाहेरनं मुळा झकास आणि कापला की आत पांढरी जाळी. म्हणून घेताना लई जाडजूड बघून भुलू नका. मध्यम जाडीचा घ्या, हातात घेतल्यावर वजनदार लागला पायजे, हलका लागला म्हंजे आत पोकळ हाय. पाला हिरवागार ताठ पायजे, पाला तोडून नुसता मुळा इकत आसतील तर काढून दोन-तीन दिस झालेत समजा. साल तुकतुकीत पायजे. आणि ज्येच्या मधनं फुलाचा दांडा वर आलाय तो तर घिऊच नका.
मुळ्याला दोन पाय फुटत्यात त्ये पण सांगतो, लोक इचारत्यात. रान कडक आसलं, खडं लागलं न्हाईतर कच्चं शेणखत टाकलं की मूळ सरळ जाईना, फाटा फुटतोय. मुळ्याचं रोप करून लावत न्हाईत त्ये पण म्हणूनच, उपटलेलं मूळ परत सरळ बसत न्हाई. खायला काय फरक पडत न्हाई, बाजारात दर कमी मिळतोय येवढंच, आणि त्येच्यावर मेहनत तेवढीच केलेली आसती.

गंगावेश_संस्कृत
@पंचगंगा_पाटील पाटीलदादा, चौथ्या दिवशी उगवतो म्हणालात ना, ग्रीक लोकांनी नाव त्यावरनंच ठेवलंय असं म्हणतात! त्यांचा शब्द राफानोस, त्याची फोड 'लवकर दिसणारा' अशी करतात. शास्त्रीय नाव रॅफॅनस सॅटायव्हस, त्यातलं रॅफॅनस ते हेच, आणि सॅटायव्हस म्हणजे पेरलेला, लागवडीचा. म्हणजे बाकीच्यांनी मुळ्याकडं बघताना जमिनीखालचं बघितलं आणि ग्रीकांनी पेरल्यावर वर काय येतंय ते बघितलं. शेतकऱ्याची नजर आहे ती.

पंचगंगा_पाटील
सर ह्ये झकास सांगितलं. आमच्या थोरल्याला दाखवतो, बीएस्सी ॲग्री करतोय त्यो.

सायबर_चौक_बायो
बॉटनी केलंय म्हणून थोडी भर टाकतो. मुळा आणि मोहरी एकाच कुळातले आहेत, कोबी फ्लॉवर नवलकोल पण त्यातलेच, सगळ्यांच्या फुलाला चार पाकळ्या फुलीसारख्या. मुळा कापल्यावर किंवा चावल्यावर जी झणझण नाकात जाते ती मोहरी फेसल्यावर जाते त्याच जातीची. गंमत अशी की अख्ख्या मुळ्यात ती झणझण तयार नसतेच, गंधक असलेलं एक द्रव्य पेशीत एका जागी असतं आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या जागी असतं, आपण चावलो किंवा किसलं की दोन्ही एकत्र येतात आणि तेव्हा ते तिखट तेल बनतं. म्हणून अख्खा मुळा वासाला शांत असतो आणि किसायला घेतला की किचन भरतं. शिजवला की ते विकर मरतं त्यामुळं तिखटपणा जातो, पण गंधकाचा वास मात्र उठतो, तो काहींना नको वाटतो.
सालीजवळ झणझण जास्त असते, आणि शेंड्याकडं पण जास्त, म्हणजे निमुळत्या टोकाकडं. पाल्याजवळचा भाग गोड. सई काकू मुलांना द्यायचा असेल तर वरचा अर्धा भाग साल काढून द्या, टोकाकडचा भाजीला वापरा.
आणि मुलीसाठी एक पॉईंट, मुळा हा पूर्ण मूळ नाहीये! बी रुजल्यावर पहिली दोन पानं आणि खरं मूळ यांच्या मधला जो दांड्याचा तुकडा असतो तो पण फुगतो आणि मुळ्याचा वरचा गुळगुळीत भाग त्याचाच असतो. नीट बघितलं तर बारीक तंतुमुळं खालच्या भागालाच असतात, वर नसतात. घरी मुळा असेल तर तिला आत्ता बघायला सांगा. लाल गोल मुळ्यात तर बराचसा भाग तोच, मूळ म्हणजे खालची शेपटी.

रंकाळा_सई
@सायबर_चौक_बायो बघितलं, खरंच वर एक पण तंतू नाही!! खाली दोन बाजूंना ओळीनं आहेत. ती म्हणते मग अर्ध्या मुळ्याचं नाव चुकलंय 😄

निपाणी_कन्नडिगा
आमच्याबद्दल विचारलं म्हणून लिहितो. घरी कन्नड बाहेर मराठी, त्यामुळं दोन्ही नावं तोंडात असतात. कन्नडमधे मूलंगी, तमिळ लोक मुळ्ळंगी म्हणतात, तेलुगूत मुल्लंगी. आमच्याकडं मूलंगीचं सांबार करतात, तूरडाळीत चकत्या टाकून चिंच घालून, मराठी घरात सहसा करत नाहीत बहुतेक. निपाणी, चिक्कोडी साईडच्या बायका कोल्हापूरला भाजी घेऊन येतात त्या गिऱ्हाईक बघून शब्द बदलतात, कन्नड माणूस दिसला की मूलंगी, मराठी दिसला की मुळा. सईताईंच्या मावशींना त्या घरच्यासारख्या वाटत असणार म्हणून घरचा शब्द आला त्यांच्या तोंडात.

टाऊनहॉल_वाचक
भाषेबद्दल चाललंय म्हणून एक विचारतो. सातवाहनांच्या काळात पैठणच्या भागाला मूलक म्हणायचे, नाशिकच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या शिलालेखात असिक, असक, मूलक अशी नावं येतात. तो देश मुळ्यावरनं का?

गंगावेश_संस्कृत
नाही, पुराणात अश्मकाचा मुलगा मूलक नावाचा राजा सांगितलाय, देशाचं नाव त्याच्याशी जोडतात. अश्मक आणि मूलक शेजारी शेजारी. भाजीचा आणि त्याचा शब्द दिसायला एकच आहे एवढंच.

शुक्रवार_पेठ_काकू
सगळं वाचलं, छान माहिती मिळाली. माझ्या सासऱ्यांचा आयुर्वेदाचा अभ्यास होता, ते चरकातलं सांगायचे की कोवळा मुळा दोष घालवतो आणि जून मुळा तिन्ही दोष वाढवतो. एकाच भाजीचे दोन उलटे गुण, आणि फरक फक्त वयाचा! वर पाटीलदादांनी भेंड पडतं म्हणून जे सांगितलं ते वाचून मला हेच आठवलं. मुळा खाऊन वर दूध पिऊ नये हे पण चरकात आहे, त्वचेचे विकार होतील म्हणून, आमच्या घरी अजून पाळतात.
आणि माघात मुळा खायचा नाही असा नियम जुन्या घरांत असतो, तो पण यातलाच असावा असं मला वाटतं, कारण माघापर्यंत थंडीचा मुळा जून होऊन फुलावर आलेला असतो. शास्त्रात कारण दुसरं सांगितलं असेल, पण मार्गशीर्ष-पौषातला मुळा आणि माघातला मुळा शेजारी ठेवून कापून बघितला की नियम करणाऱ्याला मुळा कळत होता हे पटतं.
सई, मुलांना झोंबतो म्हणालीस तर चटका करून बघ. मूठभर हरभरा डाळ चार तास भिजवायची, पाणी निथळून हिरव्या मिरचीबरोबर भरड वाटायची, एकदम गंध नाही करायची. मुळा किसून मीठ लावून पाच-दहा मिनिटं ठेवायचा, सुटलेलं पाणी हातानं दाबून काढायचं, त्या पाण्याबरोबर निम्मा उग्रपणा जातो. मग डाळ, मुळा, लिंबू, चिमूटभर साखर, कोथिंबीर एकत्र करून वरनं हिंग-मोहरी-हळदीची चुरचुरीत फोडणी. पाणी टाकून देऊ नकोस, भाकरीच्या पिठात घाल. आणि पाला कचऱ्यात टाकलास तर मला वाईट वाटेल! पाला बारीक चिरून लसणाच्या फोडणीवर परतायचा आणि वरनं बेसन पेरायचं, झाकण ठेवून वाफ आणायची, मधे एकदा हलवायचं. गरम भाकरी, ही पीठ पेरून केलेली भाजी आणि खर्डा.

जुना_बुधवार_पेठ
काकू पाण्याची आयडिया मस्त. आमच्यात तर पांढऱ्या मुळ्याची दह्यातली कोशिंबीर फक्त, दाण्याचं कूट घालून, बाकी काही करत नाहीत. उद्या चटका सांगतो घरी. आणि इतिहासात मुळा अजून जुना आहे का कुठं, इजिप्त वगैरे?

टाऊनहॉल_वाचक
आहे की. हेरोडोटस म्हणून ग्रीक इतिहासकार, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला, त्यानं लिहून ठेवलंय की गिझाच्या मोठ्या पिरॅमिडवर एक लेख होता आणि दुभाष्यानं तो त्याला वाचून दाखवला, त्यात कामगारांना मुळे, कांदे आणि लसूण पुरवायला १६०० टॅलंट (टॅलंट म्हणजे त्यांचं वजनाचं माप) चांदी खर्च झाली असं होतं. पिरॅमिड त्याच्या आधी दोन हजार वर्षांवर उभा झालेला, त्यामुळं दुभाष्यानं खरंच तेच वाचलं का हा प्रश्न राहतो, पण हेरोडोटसच्या काळात मजुराचं जेवण म्हटल्यावर कांदा-मुळा-लसूण डोळ्यापुढं यायचे हे तर नक्की. रानात ऊसतोडीला गेलेल्या माणसाच्या फडक्यात आज काय असतं बघा, भाकरी, चटणी, कांदा, आणि सीझन असला तर मुळा.

निपाणी_कन्नडिगा
जपानमधे साकुराजिमा नावाचा मुळा असतो, गोल, वीस-तीस किलोपर्यंत जातो एकेक. ज्वालामुखीच्या राखेची भुसभुशीत जमीन आहे तिथं. पाटीलदादा तुमच्या रानात येईल का 😀

पंचगंगा_पाटील
तीस किलोचा मुळा काढाय जेसीबी लागंल 😀 पण राखेची जमीन म्हणालासा ते बरोबर हाय, मुळ्याला भुसभुशीत रानच पायजे, आमच्यात पण नदीकाठच्या गाळाच्या रानात जो मुळा येतोय तसा माळावर येत न्हाई.

रंकाळा_सई
सगळ्यांचे मनापासनं आभार. सासूबाईंना काशिकेतलं तोंडी लावणं सांगितलं तर त्या खूश झाल्या, म्हणाल्या मग आमचं काय चुकीचं नव्हतं 🙏 एक शेवटचं, मार्केटात मावशींकडं हिरव्या बारीक टोकदार शेंगा होत्या, डिंगऱ्या म्हणाल्या, त्या मुळ्याच्याच का? मी आणल्या नाहीत, कशा करायच्या माहीत नव्हतं.

पंचगंगा_पाटील
व्हय ताई, मुळ्याच्याच. मुळा न उपटता रानात ठेवला की दांडा येतोय, पांढरी-जांभळट फुलं येत्यात, मग शेंगा, त्याच डिंगऱ्या. आमी बियासाठी वाफ्याच्या कडंची थोडी झाडं राखतोय, त्येच्या कवळ्या शेंगा घरला येत्यात. पुढच्या टायमाला दिसल्या की घ्या, पण वाकवून बघा, कट्टदिशी तुटली तर कवळी, वाकली आणि तुटंना तर आत दोर झालाय.

शुक्रवार_पेठ_काकू
देठ आणि टोक खुडून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. तेलात मोहरी, लसूण, कांदा परतून त्यात डिंगऱ्या, मीठ, झाकणावर पाणी ठेवून शिजवायच्या, आत पाणी घालायचं नाही. शिजत आल्या की कांदा-लसूण चटणी आणि दाण्याचं कूट. भिजवलेली मूगडाळ मूठभर घातलीस तर मुलं पण खातात, उग्रपणा राहत नाही. थंडी संपत आली की महिनाभरच मिळतात, त्यामुळं दिसल्या की घेऊनच टाक.